रामकुंडाच्या आधीचे काही तास

मरणानंतर काय करायचं हे नाशिकला कुणी शिकवायला नको. रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे, तिथे अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेपोटी देशभरातली माणसं कलश घेऊन गोदावरीवर येतात. दहावं-अकरावं करणारे गुरुजी, न्हावी, पिंडाचं सामान विकणारी दुकानं असं सगळं पंचवटीत हाकेच्या अंतरावर आहे. तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घरातलं कोण पूर्वी इथे येऊन गेलं, ते वहीतून काढून दाखवतात.

मरणाच्या आधीच्या तासांची मात्र या शहरात अशी कसलीच व्यवस्था नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगाव, येवला, निफाड, सगळीकडून गंभीर रुग्ण नाशिकला आणले जातात. जे परत जात नाहीत त्यांचा शेवट सरकारी वॉर्डात किंवा खासगी आयसीयूत होतो. डॉक्टर राउंडपुरते येतात, नातेवाईक काचेबाहेर बसलेले असतात आणि उशाशी असते ती सिस्टर. तिच्या हातातल्या केसपेपरवर रक्तगट, बीपी, शुगर सगळं असतं. हा माणूस कसा जगला आणि त्याला कसं जायचंय याबद्दल एक ओळही नसते. गुरुजी मेल्यानंतर जे विचारतात, म्हणजे कुठले तुम्ही, कुणाचे, तुमच्यात काय करतात, ते माणूस जिवंत असतानाच त्याला विचारलं जावं आणि ते विचारणं हे परिचारिकेचं अधिकृत काम मानलं जावं, असं माझं म्हणणं आहे. आज एखादी समजूतदार सिस्टर ते आपल्या चांगुलपणातून करते. तिची ड्यूटी संपली की तेही संपतं.

केसपेपरवर धर्माचा रकाना असतो, मग आणखी काय हवं, असं कुणी म्हणेल. हा रकाना बहुतेक वेळा खिडकीवरचा कारकून आडनावावरून भरतो. नाशिक जिल्ह्यात तरी असं व्हायला नको होतं. याच शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि याच जिल्ह्यातल्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्माला आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ती घोषणाच मरणाबद्दलची आहे. आपण कोण म्हणून मरायचं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे, हे त्यांनी आपल्या मातीत उभं राहून सांगितलं. त्यांच्या मागोमाग बौद्ध झालेल्या घरातल्या एखाद्या आजोबांच्या ओठांत शेवटच्या क्षणी कुणी भल्या मनानं गंगाजल सोडलं, तर त्या भलेपणानं त्यांच्या आयुष्यभराच्या निर्णयावर पाणी पडतं. त्यांना कदाचित त्रिशरण पंचशील ऐकायचं असेल. कदाचित काहीच नको असेल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात हयात घालवलेली, देहदानाचा अर्ज भरून ठेवलेली माणसंही या शहरात आहेत. कुठलाही विधी नको, ही इच्छासुद्धा विधीच्या इच्छेइतकीच पाळण्यासारखी आहे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा हा विषय आहे, मृतदेहाची काळजीही आहे. परीक्षेला मुली छान उत्तरं लिहितात: हिंदू असेल तर तुळस आणि गंगाजल, मुस्लिम असेल तर तोंड मक्केकडे, ख्रिस्ती असेल तर फादरना बोलवावं. असा तक्ता पाठ करून मार्क मिळतात. वॉर्डात मात्र त्याच्यामुळे घोळ होतो, कारण तक्त्यात समोरचा माणूस नसतो. तुळशीची माळ घातलेला वारकरी, इष्टलिंग धारण केलेला लिंगायत आणि समाधी देण्याची चाल असलेला गोसावी हे तिघंही ‘हिंदू’ या एकाच खणात बसवले जातात. यांतल्या दोघांच्या घरी दहन होत नाही. अमेरिकन परिचारिका मॅडलिन लायनिंगर यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास करून, न्यू गिनीत गडसुप लोकांत राहून संस्कृतीनुसार शुश्रूषेचा विचार मांडला, तोही मुळात हाच होता की रुग्णाकडून शिका. आपल्याकडे तो शिकवताना त्याचा पुन्हा तक्ता होतो. ‘तुमच्यात काय करतात?’ हा प्रश्न मराठी घरांत लग्नापासून सुतकापर्यंत सगळीकडे सहज विचारला जातो. वॉर्डात तो विचारायला परदेशी सिद्धांत लागू नये.

न विचारल्यानं किती दुखावलं जातं ते बघायचं तर बांगड्यांकडे बघावं. बाईला आयसीयूत घेताना हातातल्या काचेच्या बांगड्या काढाव्या लागतात. सलाईन लावायचं असतं, हाताला सूज असते, कारण रास्त असतं. पण घाईत त्या फोडल्या जातात आणि मंगळसूत्र कागदात गुंडाळून बाहेर सुनेच्या हातात दिलं जातं. नवरा जिवंत असताना सवाष्णीच्या बांगड्या फोडणं म्हणजे काय, हे सिस्टरला माहीत नसतं असं नाही. ती स्वतः अशाच घरातून आलेली असते. तरीही वॉर्डाची रीत म्हणून ती करून जाते. साबणाचं पाणी लावून बहुतेक बांगड्या निघतात. नाहीच निघाल्या तर ‘काकू, एवढ्या दोन वाढवाव्या लागतील’ असं म्हणून हात हातात घेता येतो. पूर्वीच्या बायका बांगडी फुटली म्हणत नसत, वाढवली म्हणत. मंगळसूत्र दोऱ्यात ओवून मनगटाला किंवा उशाशी बांधता येतं. याला औषध लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

गंगाजलाचं तसंच. श्वास लागलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून सिस्टर नातेवाईकांना झिडकारते आणि मुलाला आयुष्यभर वाटत राहतं की बापाला शेवटचं पाणीसुद्धा पाजू दिलं नाही. कापसाचा बोळा गंगाजलात किंवा मक्केतल्या झमझमच्या पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवला, तर दोन्ही साधतं. मरणासन्न माणसाचं तोंड ओलं ठेवणं हा तर शुश्रूषेचाच भाग आहे, फक्त तो बोळा मुलाच्या हातात द्यायचा. तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांवर ठेवायचं. ऑक्सिजन चालू असताना निरांजन लावता येणार नाही, हे खडसावण्यापेक्षा कारण सांगून पटवता येतं. जमिनीवर उतरवून घेण्याचा आग्रह झाला, तर नळ्या लावलेल्या माणसाला उतरवणं अवघड असतं. पण घरची चादर किंवा घोंगडी पलंगावर अंथरायला कुणाची हरकत असावी?

मालेगावहून आलेल्या कुटुंबाला काय हवं असतं? कुणीतरी कानाशी कलमा म्हणावा, कुराणातलं यासीन वाचावं, चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला असावा, बाईच्या अंगाला बाईचाच हात लागावा आणि नंतर दफनाला उशीर होऊ नये. भिंतीतल्या ऑक्सिजनच्या जोडणीमुळे पलंग फिरवता येत नाही हे खरं, पण उशा लावून मान आणि खांदा वळवता येतो. उशीर मात्र कागदांमुळे होतो. बिलाची खिडकी, मृत्यूचा दाखला, अपघात असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये, काही गुन्ह्यांची प्रकरणं वगळता, सोयी असतील तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला मुभा दिली. तरीही ‘आता सकाळीच होईल’ हे उत्तर ऐकावं लागतं. दफनाची घाई ही हटवादीपणा नाही, मेलेल्या माणसाचा मान आहे, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

चौविहार पाळणारी जैन आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही. रात्री नऊची गोळी तिनं नाकारली की केसपेपरवर ‘रुग्णाचं सहकार्य नाही’ असा शेरा पडतो. वेळापत्रक तासा-दोन तासांनी अलीकडे आणलं किंवा गोळीऐवजी इंजेक्शन दिलं तर? कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा प्राणिज जिलेटिनचं असतं, हे किती जणांना सांगितलं जातं? पेठ-सुरगाण्याकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरातला माणूस अत्यवस्थ झाला की त्यांना भगताला दाखवायचं असतं. त्यावर डाफरलं तर ते वाद घालत नाहीत, रात्रीतून रुग्ण उचलून निघून जातात. भगत येऊन कपाळाला अंगारा लावून गेला, दंडाला दोरा बांधून गेला, तर उपचारात काहीच आडवं येत नाही. पोटात काही द्यायचं नाही आणि डाग, म्हणजे तापल्या सळईचा चटका, द्यायचा नाही, या दोन अटी शांतपणे सांगितल्या तर ऐकल्या जातात. आणि एक गोष्ट मला सतत खुपते. नाशिकच्या नर्सिंग कॉलेजांत या तालुक्यांतल्या मुली शिकतात. त्यांना तिथली बोली येते, चालीरीती माहीत असतात. वॉर्डात त्यांच्या या ज्ञानाला शून्य किंमत असते.

दुसऱ्याच्या रीतीनं दुसऱ्याचं मरण सांभाळण्याची एक जुनी गोष्ट नाशिकशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनऱ्यांनी इथे शरणपूरला आणून शिकवलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं आणि त्या वेळी ख्रिस्ती प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या वेनराइटनं. मग महिनोन्‌महिने चालत त्यांनी तो देह किनाऱ्यापर्यंत नेला, त्याच्या माणसांत पोहोचावा म्हणून. कुणी त्यांना तशी आज्ञा दिलेली नव्हती.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे: संस्कृतीच्या नावाखाली काय काय पाळायचं? ‘अमक्या जातीच्या मावशीनं आमच्या आईला हात लावायचा नाही’ असं नातेवाईक म्हणाले तर? तर नाही म्हणायचं, तिथल्या तिथे आणि वॉर्डाच्या इनचार्जनं म्हणायचं. त्या मावशीला एकटीला अपमान गिळायला लावायचा नाही. नवरा गेल्याबरोबर पलंगाशीच बायकोचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला पुढे झालेल्या बायकांना सिस्टरनं मदत करायची का? मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. रीती बदलतात, त्याच समाजातली माणसं त्या बदलतात. म्हणून विचारायचं ते जाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या जवळच्यांना. कोपऱ्यात उभ्या राहून ‘आमच्यात असंच असतं’ म्हणणाऱ्या मोठ्या आवाजाच्या काकांना विचारायचं नाही. बाई मरणपंथाला असली की तिच्या वतीनं सासरचे बोलतात. तिला माहेरचं कुणी जवळ हवंय का, हे तिला एकटीला गाठून विचारणारी सिस्टरच असते.

‘त्यांना सांगू नका’ हा तर रोजचा पेच. मुलं म्हणतात, बाबांना कॅन्सर आहे हे कळलं तर ते खचतील. बाबा रात्री दोन वाजता सिस्टरलाच विचारतात, ‘बाई, मी आता घरी जाणार का?’ पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात, खरं सांगा. घर सांगतं, लपवा. मला वाटतं आधी बाबांनाच विचारावं की त्यांना किती जाणून घ्यायचंय. कुणी म्हणेल ‘मुलाशी बोला’, तर तेही उत्तरच आहे आणि ते पाळावं. पण ज्याला जमिनीची वाटणी करायची आहे, दुरावलेल्या भावाला बोलवायचंय, त्याच्यापासून त्याचं मरण लपवणं हे प्रेमापोटी असलं तरी अन्याय आहे.

आणि या सगळ्याच्या आधी वेदना. कण्हणाऱ्या माणसाच्या कानात रामनाम किंवा कलमा पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना वेदनाशामक आणि आधाराच्या शुश्रूषेची गरज असते आणि ती जेमतेम 14 टक्क्यांना मिळते. तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन महाग नाही. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातल्या जाचक अटी 2014 मध्ये सैल केल्या गेल्या. तरी ते सहजासहजी मिळत नाही, कारण भीती उरली आहे. केरळनं 2008 मध्येच यासाठी स्वतंत्र धोरण केलं आणि तिथे परिचारिका घरोघरी जातात. महाराष्ट्रात मुंबईला 1986 पासून अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन आहे, पण जिल्ह्याजिल्ह्यात तसं काही पोहोचलेलं नाही. संस्कृतीची जपणूक ही मॉर्फिनला पर्याय म्हणून कुणी पुढे करत असेल, तर त्याला माझा विरोध आहे.

पुष्कळांना मरण घरी हवं असतं. उंबऱ्याच्या आत, आपल्या माणसांत. आपल्या व्यवस्थेत ही इच्छा गुन्ह्यासारखी वागवली जाते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ अशा कागदावर सही घेतली जाते आणि त्या क्षणापासून रुग्णालयाचा संबंध संपतो. वेदनेची औषधं दिली जात नाहीत, श्वास घरघरू लागला तर घाबरायचं नाही हे सांगितलं जात नाही, फोन नंबर दिला जात नाही. घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, तो 21 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो, हेही कुणी सांगत नाही. डॉक्टरच म्हणतात ‘घरी न्या’ आणि वर सही मात्र नातेवाईकांची! घरी मरायला जाणं हा रीतसर डिस्चार्ज मानायला हवा आणि त्याची तयारी करून देणं ही परिचारिकेची जबाबदारी असायला हवी.

एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असताना हे कुणी करायचं? भारतीय परिचर्या परिषदेचे निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहेत, प्रत्यक्षातली परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. भरती व्हायलाच हवी. पण वेळ आजही जातोच, तो मरणानंतरच्या भांडणांत जातो. 2010 पासून रुग्णालयांतल्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात कायदा आहे. हे हल्ले बरेचदा मृत्यूच्या वेळीच होतात आणि त्यामागे केवळ बिल नसतं, ‘शेवटचं बघूसुद्धा दिलं नाही’ हा संताप असतो. माणूस जाणार हे उघड झाल्यावर दोन नातेवाईकांना कुठल्याही वेळी आत बसू द्यायला पासची पद्धत तेवढी बदलावी लागेल.

सरकारी रुग्णालयात धर्म कशाला, असंही विचारलं जातं. तो आहेच. आवारात बहुधा एखादं छोटं देऊळ असतं, वॉर्डात तसबिरी असतात, दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. प्रश्न एवढाच आहे की बाकीच्यांना जागा कुठे आहे. कुठलीच तसबीर नसलेली एक खोली, पडदा, चार खुर्च्या आणि पाण्याचा नळ, एवढ्यात कुणालाही आपल्या पद्धतीनं बसता येईल.

परिचारिकेच्या शब्दाला वजन देणं ही तर न्यायालयानं मानलेली गोष्ट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग स्वतः तिथल्या परिचारिका होत्या. 1973 पासून 2015 पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं आणि 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अरुणाच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. 2018 मध्ये न्यायालयानं जिवंतपणीच्या इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसह नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. पण त्या इच्छापत्रात मुख्यतः व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे येतं. कानाशी काय म्हणावं, कुणाला बोलवावं, अंगाला कुणी हात लावावा, यासाठी वेगळं पान लागेल आणि ते पान सिस्टरच भरू शकते.

नाशिकला हे सुरू करणं सोपं आहे, कारण राज्यभरच्या नर्सिंगच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. तक्ता लिहून घेण्याऐवजी प्रात्यक्षिकात ‘अत्यवस्थ रुग्णाच्या मुलीशी बोला’ असा प्रसंग ठेवता येईल. मालेगावचे मौलाना, पंचवटीचे गुरुजी, नाशिक रोडचे फादर, त्रिरश्मी लेण्यांवर जाणारे भंते, सुरगाण्याचा भगत, कुठलाही विधी न मानणारा कार्यकर्ता, असे सगळे विद्यार्थिनींसमोर येऊन बोलतील, बोलवायला तर हवं. केसपेपरमध्ये एक पान वाढवायला जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिका आयुक्त यांचा आदेश पुरेसा आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते होत आहेत, ते व्हावेत. त्याच काळात प्रत्येक सरकारी रुग्णालयात ती एक खोली होऊ शकते. आणि सुरगाणा-पेठच्या माणसाचा देह इतक्या लांब परत न्यायला रात्री-अपरात्री हजारो रुपये मागणाऱ्या गाडीवाल्याशी घासाघीस करण्याची वेळ त्याच्या घरच्यांवर येऊ नये, यासाठी जिल्हा नियोजनातून शववाहिका ठेवता येईल. त्या गाडीचा नंबर सिस्टरच्या टेबलावर लिहिलेला असावा.